मधल्या घरावरून जाणारी वाट

रस्ता खोदणाऱ्या यंत्राने जमिनीखालची ब्रॉडबँडची केबल तोडली, तेव्हा त्या केबलचे दुसरे टोक कुठे असते याचा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला. अलीकडचे टोक माझ्या टेबलाखाली होते आणि तिथला हिरवा दिवा तांबडा झाला होता, एवढेच मला ठाऊक होते. तक्रार नोंदवली की एक क्रमांक मिळायचा; तो सांगून पुन्हा विचारणा केली की जुनी तक्रार बंद झाल्याचे कळायचे आणि नवा क्रमांक मिळायचा. असे अकरा दिवस चालले. केबल तुटल्याचा मला फारसा राग नव्हता, कारण यंत्राच्या दातांना मातीखालचे दिसत नाही हे समजण्यासारखे आहे. ज्या गोष्टीवर माझे रोजचे काम उभे होते, ती बिघडल्यावर आपण हात लावावा अशी तिची एकही बाजू माझ्याकडे नव्हती, याचा तो राग होता.

पाचव्या दिवशी ओळखीच्या एका गृहस्थांशी बोलणे झाले. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले हे गृहस्थ सगळ्यांचेच काका आहेत. त्यांच्याकडे वेगळ्या कंपनीची जोडणी होती आणि ती चालू होती. त्यांचे घर माझ्या घरापासून सरळ रेषेत सुमारे चारशे मीटरवर आहे. "तुझ्या गच्चीवरून माझी टाकी दिसते का?" असे त्यांनी विचारले. दिसते, असे मी म्हणालो. "मग जमेल," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका जुन्या खोक्यातून पाच गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या दोन लहान डिश अँटेना घेऊन आले. कम्युनिटी मेश नेटवर्क हा शब्द त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही उच्चारला नाही. आम्हाला फक्त एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जायचे होते.

डिश नेमकी रोखण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला विनोदी वाटते. एक माणूस नळीला घट्ट बसवलेली डिश केसभर डावीकडे सरकवतो, दुसरा फोनवरून आकडे वाचत राहतो आणि दोघेही श्वास रोखून धरतात. "उणे ऐंशी... उणे अठ्ठ्याहत्तर... थांबा, गेला... पुन्हा मागे घ्या... उणे एकाहत्तर." हे आकडे डेसिबलमधले असतात आणि दर तीन डेसिबलला मिळणारी शक्ती दुप्पट होते, त्यामुळे उणे ८० वरून उणे ५८ पर्यंत आम्ही पाऊण तासात पोहोचलो, तेव्हा सिग्नल दीडशे पटींहून अधिक सुधारलेला होता. डिशमध्ये बदल झाला होता तो एखाद्या बोटाच्या रुंदीएवढा. पाना आवळताना ती किंचित फिरते आणि सगळे मुसळ केरात जाते, म्हणून आवळणाऱ्यानेही आकड्यांकडे कान ठेवावा लागतो. मला त्या पाऊण तासात जो आनंद झाला तो इंटरनेट परत आल्याचा असावा असे तेव्हा वाटले होते. आता वाटते की तो त्या पान्याचा होता.

केबल अखेर जोडली गेली, तरी आमचा दुवा आम्ही तसाच ठेवला. एकाची जोडणी बंद पडली की दुसऱ्याची वापरायची, असे ठरले. काही महिने तो उत्तम चालला आणि मग हळूहळू, रोज थोडा थोडा, आजारी पडत गेला. कारण सापडायला आठवडा लागला. दोन्ही घरांच्या बरोबर मध्ये एक मोठे झाड होते आणि आम्ही दुवा बांधला तेव्हा त्याची पानगळ झालेली होती. निष्पर्ण फांद्यांमधून काकांची टाकी स्वच्छ दिसत होती. पालवी फुटली, पाने पाण्याने भरली आणि त्या पाण्याने आमच्या लहरी शोषून घेतल्या. शिवाय रेडिओलहरींना नुसती दृष्टिरेषा पुरत नाही. दोन अँटेनांमध्ये लांबट फुग्याच्या आकाराची जागा मोकळी असावी लागते. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. चारशे मीटर अंतर आणि ५.८ गिगाहर्ट्झ वारंवारिता धरली तर त्या फुग्याची मध्यावरची त्रिज्या सव्वादोन मीटरच्या आसपास येते. म्हणजे डोळ्याला फट दिसत असली तरी लहरीला ती पुरेशी असेलच असे नाही. "दिसते, मग जमेल" हे काकांचे सूत्र अर्धेच खरे होते आणि ते त्यांना माहीत असणारच, पण पहिल्या दिवशी त्यांनी मला घाबरवले नाही.

झाड तोडण्याचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. झाडाच्या बाजूला, आम्हा दोघांनाही दिसणारे एक घर होते. तिथल्या बाईंना आमच्या खटाटोपाचा काडीचाही उपयोग नव्हता. त्यांचे फोनवरच्या इंटरनेटवर भागत होते. तरी त्यांनी गच्चीची किल्ली दिली आणि एकच प्रश्न विचारला, "यातून तुमचं जे काही जाईल-येईल, ते मला दिसणार का?" मी म्हणालो, दिसणार नाही, सगळे कुलूपबंद असते. "आणि मी मध्येच बटण बंद केलं तर?" मी म्हणालो, तर आमचे बंद पडेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे किल्ली मी तुम्हाला दिली खरी, पण खरी किल्ली माझ्याकडेच राहिली." या विषयावर मी पुढे बरेच वाचले, पण मेश नेटवर्कची याहून नेमकी व्याख्या मला सापडली नाही.

मेश म्हणजे असे जाळे की ज्यात प्रत्येक घर स्वतःसाठीचे गिऱ्हाईक असते आणि दुसऱ्यासाठीचा टपालवाला. नेहमीच्या ब्रॉडबँडमध्ये सगळ्या वाटा एका केंद्राकडे जातात आणि शेजारच्या घराला पाठवलेले पत्रही आधी दूरच्या कार्यालयात जाऊन मग शेजारी येते. मेशमध्ये प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातला प्रत्येक राउटर, आजूबाजूच्या नोडांशी बोलतो, दुसऱ्यांची पॅकेट, म्हणजे माहितीचे लहान तुकडे, पुढे ढकलतो आणि एक वाट बंद झाली की दुसरी शोधतो. ही शोधाशोध राउटरमधले प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेले नियम, करतात, आणि त्यातला एक प्रश्न आमच्या तीन गच्च्यांवरच आमच्या वाट्याला आला. पालवी फुटल्यावरही काकांचा आणि माझा थेट दुवा पूर्ण मेलेला नव्हता. तो अधूनमधून जिवंत व्हायचा. राउटरला कमीत कमी टप्प्यांची वाट निवडायला सांगितलेले असल्यामुळे तो झाडातून जाणारा मरतुकडा थेट दुवा दिसला की तीच वाट धरायचा आणि मधल्या घरावरून जाणारी धडधाकट वाट सोडून द्यायचा.

या चुकीचे उत्तर २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी दिले होते. त्यांनी टप्पे मोजणे सोडून एक पॅकेट पोहोचायला सरासरी किती वेळा पाठवावे लागेल, हे मोजायला सुरुवात केली. या मापाला ईटीएक्स म्हणतात. जाताना निम्मी पॅकेट पोहोचत असतील आणि पोचही निम्म्याच वेळा परत येत असेल, तर एक पॅकेट यशस्वी व्हायला सरासरी चार प्रयत्न लागतात. उलट दोन चांगले टप्पे असतील आणि प्रत्येकावर दोन्ही दिशांना दहातली नऊ पॅकेट पोहोचत असतील, तर दोन्ही टप्पे मिळून अडीचच्या आतच काम होते. लांबची वाट अशी जवळची ठरते. आम्ही राउटरची ती सेटिंग बदलली आणि त्या संध्याकाळपासून माझे सगळे बोलणे त्या बाईंच्या गच्चीवरून जाऊ लागले.

त्याच संशोधकांनी अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात रूफनेट नावाचे जाळे उभारले होते. २००५ मध्ये त्यांनी त्याची मोजमापे प्रसिद्ध केली तेव्हा चार चौरस किलोमीटरांत ३७ नोड होते, सरासरी वाट तीन टप्प्यांची होती आणि दोन नोडांमधला सरासरी वेग सेकंदाला ६२७ किलोबिट होता. अँटेना कुठे बसवायची याचे कसलेही नियोजन न करता, ज्याने होकार दिला त्याच्या छपरावर बसवून हे साधले होते. आजच्या फायबरच्या सवयीने हा आकडा वाचणाऱ्याला हसू येईल, पण त्या काळी तो वापरण्याजोगा वेग होता. मला मात्र त्या जाळ्याचे पुढे काय झाले ते जास्त महत्त्वाचे वाटते. त्यातल्या काही जणांनी २००६ मध्ये मेराकी नावाची कंपनी काढली आणि २०१२ मध्ये नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोने ती १.२ अब्ज डॉलरला विकत घ्यायचे ठरवले. तंत्र तेच होते आणि ते कार्यालयांच्या छतांवर आजही उत्तम चालते. छपरे देणाऱ्यांची त्यात मालकी तेवढी राहिली नाही. यात कोणाची लबाडी झाली असे मला म्हणायचे नाही. मेशच्या तंत्रात असे काही नाही की ज्यामुळे ते आपोआप लोकांचे होते आणि लोकांचे राहते, एवढेच मला त्यातून कळले.

या विषयावर उत्साहाने लिहिणारे बहुतेक जण या ठिकाणी गफलत करतात, आणि मीही काही काळ केली. वायरला हवा हा पर्याय आहे, असे आपण धरून चालतो. भौतिकशास्त्र आपल्या बाजूचे नाही. वाय-फायची हवा ही एकच खोली आहे आणि तिच्यात एका वेळी एकानेच बोलायचे असते. मधल्या नोडवर एकच रेडिओ असेल तर तो ऐकताना बोलू शकत नाही आणि बोलताना ऐकू शकत नाही, त्यामुळे एका टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. टप्प्यांची साखळी लांबली की परिस्थिती आणखी बिघडते. आदर्श स्थितीत साखळीची क्षमता एका दुव्याच्या एक चतुर्थांश असायला हवी, पण २००१ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात वाय-फायच्या, म्हणजे ८०२.११ च्या, नियमांनी चालणाऱ्या साखळीला प्रत्यक्षात एक सप्तमांशच गाठता आला. त्याच्या आधी, २००० साली, पियुष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी गणिताने दाखवले होते की असे जाळे वाढत गेले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी क्षमता घटतच जाते. माणसे वाढली म्हणजे जाळे बळकट होते, हे ऐकायला छान आहे. मधल्या टपालवाल्याला विचारले तर तो वेगळे सांगेल. आम्ही मधल्या गच्चीवर दोन्ही दिशांना तोंड केलेल्या दोन वेगळ्या डिश बसवल्या, त्या याच कारणासाठी.

तरीही सुरुवात हवेतूनच होते आणि त्याला कारण आहे. वायर टाकायची म्हणजे रस्ता खोदावा लागतो किंवा खांब वापरावे लागतात, आणि खांब असो वा रस्ता, दोन्ही दुसऱ्याच्या मालकीचे असतात. हवेतला एक तुकडा मात्र अपघाताने मोकळा राहिला. १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचे तीन पट्टे विनापरवाना दळणवळणासाठी खुले केले. हे पट्टे तोवर औद्योगिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी ठेवलेले होते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झमध्येच चालतो आणि तिथे गोंगाट असतो म्हणून तो पट्टा कोणाला फारसा नको होता. त्या नकोशा जागेत पुढे वाय-फाय वाढले. मग २००२ च्या अखेरीस लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर आला. त्याच्या आत लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली आहे हे काही जिज्ञासूंच्या लक्षात आले, मुक्त परवान्याच्या अटींमुळे कंपनीला त्याचा सोर्स कोड २००३ मध्ये प्रसिद्ध करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, उभे राहिले. दुकानात मिळणारी घरगुती वस्तू आपल्या मनाप्रमाणे चालवता येऊ लागली. त्यामुळे अथेन्समध्ये, बर्लिनमध्ये, व्हिएन्नामध्ये त्याच दोन-तीन वर्षांत लोक गच्च्यांवर चढलेले दिसतात, यात योगायोग फार थोडा आहे. भारताने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त केला आणि त्याच वर्षी धर्मशाळेच्या डोंगरउतारांवर असे जाळे उभे राहू लागले.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त शिकवले ते स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या गिफी.नेट या सामुदायिक जाळ्याने. २००४ मध्ये ओसोना या ग्रामीण भागात रामोन रोका आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी ते सुरू केले, कारण दूरसंचार कंपन्यांचे ब्रॉडबँड तिथल्या विखुरलेल्या वस्तीपर्यंत पोहोचत नव्हते. पहिले दुवे आमच्यासारखेच होते: एक छप्पर, दुसरे छप्पर, मध्ये मोकळी हवा. पुढे त्याचे नोड ३५ हजारांच्या वर गेले. पण आकड्यापेक्षा दोन गोष्टी मोठ्या आहेत. पहिली अशी की त्यांनी एक सामाईक परवाना लिहिला. त्या जाळ्याला जोडणारा प्रत्येक जण आपला दुवा सामाईक मालमत्तेत घालतो, दुसऱ्याची वाहतूक रोखत नाही आणि जाळे कसे चालते हे सर्वांना पाहता येते. या जाळ्यावर व्यावसायिकांना सेवा विकायला मुभा आहे, पैसे मिळवायलाही मुभा आहे. मात्र ज्याने जाळे जितके वापरले त्या प्रमाणात त्याने देखभालीचा खर्च उचलायचा, असा हिशेब २००८ मध्ये स्थापन झालेले त्यांचे प्रतिष्ठान ठेवते. दुसरी गोष्ट अशी की काही वर्षांतच त्यांनी स्वतःची फायबर टाकायला सुरुवात केली.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी थोडा खट्टू झालो होतो. बिनतारी जाळ्याच्या सर्वांत यशस्वी उदाहरणाने शेवटी तारच टाकावी, हे मला पराभवासारखे वाटले. मग लक्षात आले की त्यांना तारेशी भांडण नव्हतेच. हवा ही त्यांच्यासाठी शिडी होती. परवानगी न मागता, रस्ता न खोदता पहिल्या मजल्यावर चढता आले आणि एकदा माणसे, हिशेब आणि विश्वास जमल्यावर तीच मंडळी खोदायची परवानगी मागायला एकत्र गेली. न्यूयॉर्कमधल्या एनवायसी मेशनेही फार वेगळे केलेले नाही. नावात मेश असले तरी त्यांचा कणा म्हणजे उंच इमारतींवरचे मोठे नोड आणि त्यांच्यातले थेट, नेमके रोखलेले दुवे; ३७५ पर्ल स्ट्रीट या इमारतीवरून ते जाळे इंटरनेटच्या मुख्य प्रवाहाला घाऊक भावात जोडले गेले. शेजाऱ्याशेजाऱ्यांचे दुवे आहेत, पण लांबच लांब साखळ्या त्यांनी टाळल्या. गुप्ता आणि कुमार यांचे गणित त्यांना गच्चीवर जाऊन कळले असावे.

घाऊक हा शब्द इथे महत्त्वाचा आहे आणि तो माझ्याच अंगाशी येण्यासारखा होता. काकांची जोडणी मी वापरत होतो; तिच्या करारात ती घराबाहेर कोणाला देऊ नये असे कलम होते आणि ते आम्ही दोघांनीही वाचलेले नव्हते. कळल्यावर काकांनी ती जोडणी बदलून वाटपाची मुभा असलेली घेतली आणि बिल आम्ही निम्मे केले. एका घरगुती जोडणीला दहा घरे चिकटवणे म्हणजे पर्याय उभारणे नसते, ती उधारी असते. खऱ्या सामुदायिक जाळ्याला कुठेतरी पुढच्या मोठ्या जाळ्याशी बरोबरीच्या नात्याने, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर जोडून घ्यावे लागते.

जबाबदारीचा हा प्रश्न किती बोचरा होऊ शकतो ते जर्मनीत दिसले. बर्लिनमधली फ्रायफुंक चळवळ वाय-फाय खुले ठेवण्याच्या बाजूची होती, पण तिथल्या कायद्याप्रमाणे आपल्या खुल्या जोडणीवरून अनोळखी माणसाने काही बेकायदा उतरवून घेतले, तर जोडणीच्या मालकाकडे वकिलाची नोटीस खर्चासह येऊ शकत असे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० मध्ये ही जबाबदारी मान्यच केली. तेव्हा कार्यकर्त्यांनी पाहुण्यांची सगळी वाहतूक गुप्त बोगद्यातून देशाबाहेर नेऊन तिथे इंटरनेटला सोडायला सुरुवात केली. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि या नोटिशींचा धाक बराचसा गेला. त्याच चळवळीने तंत्रातही भर घातली. त्यांचे जाळे शेकड्यांत वाढले तेव्हा प्रत्येक लहान राउटरने सगळ्या शहराचा नकाशा डोक्यात ठेवणे त्याला झेपेना. म्हणून २००६ च्या सुमारास त्यांनी बॅटमॅन नावाचा प्रोटोकॉल सुरू केला. त्यात कोणत्याच नोडला पूर्ण नकाशा माहीत नसतो. अमुक ठिकाणी जायचे तर शेजाऱ्यांपैकी कोणाकडे द्यायचे, एवढेच त्याला ठाऊक असते. २०११ मध्ये त्याची एक आवृत्ती लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, सामील झाली. अनोळखी गावात वाट विचारत जाणारा माणूस असेच करतो आणि सहसा पोहोचतो.

परवानगीशिवाय वाढलेल्या जाळ्याचे काय होते, याचे उत्तर क्युबातल्या हवानामध्ये मिळते. तिथल्या तरुणांनी, मुख्यतः एकत्र खेळ खेळता यावेत म्हणून, घराघरांत केबल ओढून आणि गच्च्यांवर अँटेना लावून एसनेट नावाचे जाळे उभारले. त्यात हजारो माणसे होती, संदेश होते, खेळ होते, गप्पांचे अड्डे होते. फक्त इंटरनेट नव्हते. हे मला विलक्षण वाटते, कारण इंटरनेट वजा केल्यावर उरते काय, असा प्रश्न आपल्याला सुचतही नाही. तिथे उरला होता शेजार, एका शहराएवढा मोठा. २०१९ च्या नव्या नियमांनी त्याचा शेवट झाला. जाळ्याचे अवशेष सरकारी संगणक केंद्रांच्या व्यवस्थेत सामावले गेले. सदस्यांनी आंदोलन केले, पण पायाखाली कायद्याची फळी नव्हती.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या रेड हूक भागाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. २०१२ मध्ये सँडी वादळ आले तेव्हा तिथल्या एका सामाजिक संस्थेने नुकतेच लहानसे मेश जाळे उभारायला घेतले होते. वादळानंतर ते चालू राहिले आणि केंद्रीय आपत्ती निवारण यंत्रणेने, म्हणजे फेमाने, आपली उपग्रह जोडणी त्याला दिली. वेग किती होता हे तिथे कोणी विचारले नसेल. आधीपासून छपरावर काहीतरी बसवलेले होते आणि ते कोणी बसवले हे लोकांना ठाऊक होते, म्हणून बाहेरून आलेली मदत वाटता आली.

या सगळ्याचा कंटाळवाणा भाग म्हणजे देखभाल, आणि त्यावर कोणी लिहीत नाही. कनेक्टरवर पाणी जाऊ नये म्हणून गुंडाळलेली टेप उन्हाने सुटते. वाऱ्याने डिश फिरते. पक्षी घरटे करतो आणि पिल्ले उडून जाईपर्यंत आपण त्याला हात लावत नाही. फर्मवेअर अद्ययावत केले की एखादा नोड परत बोलतच नाही आणि मग कोणाला तरी शिडी घेऊन जावे लागते. कंपनीकडे या कामाला पगारी माणूस असतो. जाळे आपले असले की तो माणूस आपणच असतो, आणि पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरला की शिडी नेहमी त्याच दोघा-तिघांच्या खांद्यावर येते. दक्षिण आफ्रिकेतल्या मन्कोसी भागात झेन्झेलेनी नावाची सहकारी संस्था आहे. त्या नावाचा अर्थच 'तुमचे तुम्ही करा' असा आहे. तिथे नोड सौरऊर्जेवर चालत आणि त्याच विजेवर गावकऱ्यांचे फोन चार्ज करून मिळणारे पैसे संस्थेला उपयोगी पडत. मला यातले शहाणपण असे वाटते की ज्याच्या घरावर नोड आहे त्याला तो नोड रोज लागतो. फोन चार्ज करायला का होईना. आमच्या मधल्या घरातल्या बाईंना तो कधीच लागला नाही. त्यांनी तो सांभाळला, पण आम्ही त्यांना सांभाळण्यासारखे काही दिले नव्हते, आणि ही चूक माझ्या फार उशिरा लक्षात आली.

काही वर्षांत आमची तीन घरे पाच झाली. काका आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेले घर यांच्यामध्ये वाय-फायचा दुवा ठेवणे मूर्खपणाचे होते, म्हणून तिथे आम्ही फायबरची एक बारीक वायर टाकली; गिफी.नेटची तुलना करायला ती फारच आखूड आहे, पण ती ओढताना मला मजा आली. काका आता शिडी चढत नाहीत, खालून आकडे वाचतात. बिल पाच जणांत वाटले जाते आणि हिशेब एका वहीत असतो. दर महिन्याला एकाचे तरी पैसे उशिरा येतात. वेग फायबरच्या जाहिरातीत सांगतात त्याच्या आसपासही जात नाही, तरी पाचही घरांत ज्याला काही बिघडले तर काय बघायचे हे थोडेफार कळते, असा एक तरी माणूस आहे.

गेल्या महिन्यात मधल्या घरातल्या बाई मुलीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी गच्चीवरचा तो स्विच घरमालकांना दाखवला होता, पण मालकांना त्यात रस नव्हता. आठ दिवसांनी दुपारी दोन वाजता माझी आणि आणखी एका घराची वाहतूक एकदम झाडातल्या दुव्यावर गेली. पानगळ नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे ती तिथून रडतखडत चालत होती. ईटीएक्सचा आकडा नऊच्या वर गेलेला मला दिसत होता. संध्याकाळी एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. नवे भाडेकरू बोलत होते, आवाज तरुण आणि थोडा संकोचलेला. खांबाला चिकटवलेल्या कागदावरून माझा क्रमांक मिळाल्याचे त्यांनी सांगितले.

"गच्चीवर दोन डिश आहेत, त्या तुमच्या का? मी वायर कुठे जाते ते कळेना म्हणून बटण बंद केलं."

माझ्या आहेत, असे म्हणता म्हणता मी थांबलो आणि आमच्या आहेत, असे म्हणालो. त्यांना वेळ असेल तर येऊन दाखवतो, असेही म्हणालो. या वेळी खिशात पाना होता आणि काखेत एक जादा राउटर, त्यांच्या घरात लावण्यासाठी.